विश्लेषण : धुरातल्या कार्बनपासून विजेवर इंधन... रसायन जमले, विजेचा हिशेब जमेल?

मंगळावर उतरलेल्या नासाच्या ‘पर्सिव्हिअरन्स’ बग्गीत ‘मॉक्सी’ नावाची एक पेटी होती. वजन साधारण १७ किलो. मंगळाच्या हवेत सुमारे ९५ टक्के कार्बन डायऑक्साइड असतो. तो आत ओढायचा, ८०० अंश सेल्सियसच्या आसपास तापवायचा आणि विजेच्या जोरावर त्यातला प्राणवायू सुटा करायचा, एवढेच तिचे काम. २० एप्रिल २०२१ रोजी तिने पहिल्यांदा पाच ग्रॅमच्या आसपास प्राणवायू काढला. २०२३ पर्यंत १६ वेळा चालून तिने एकूण १२२ ग्रॅम प्राणवायू तयार केला. नासाने दिलेली उपमा अशी, की एखाद्या लहान कुत्र्याला दहा तास पुरेल इतका.

या प्रक्रियेत प्राणवायूबरोबर कार्बन मोनॉक्साइडही तयार होतो. मंगळावर त्याचा काही उपयोग नव्हता, म्हणून तो सोडून दिला गेला. पृथ्वीवर गोष्ट नेमकी उलटी आहे. इथे प्राणवायूची वानवा नाही, पण कार्बन मोनॉक्साइडला गिऱ्हाईक आहे. त्यापासून डिझेल, विमानाचे इंधन, मिथेनॉल असे बरेच काही बनवता येते. वीज वापरून कार्बन डायऑक्साइडचे इंधनात किंवा रसायनात रूपांतर करण्याच्या या तंत्रावर जगभर संशोधन सुरू आहे आणि ‘प्रदूषणापासून पेट्रोल’ अशा धाटणीचे मथळेही अधूनमधून झळकतात. त्यामागचे रसायनशास्त्र खरे आहे. अडचण आहे ती विजेच्या हिशेबाची.

हे तंत्र नेमके काय आहे?

लाकूड जळले की राख उरते. कोळसा, पेट्रोल किंवा गॅस जळल्यावर जो कार्बन डायऑक्साइड उरतो, तीही एका अर्थाने कार्बनची राखच. त्यातली जवळजवळ सगळी ऊर्जा निघून गेलेली असते. म्हणूनच तो रासायनिकदृष्ट्या इतका स्थिर, इतका थंड वायू आहे. त्याचे पुन्हा इंधन करायचे तर जळताना जितकी ऊर्जा बाहेर पडली, किमान तितकी परत घालावी लागते. यातून कुठल्याही यंत्राची सुटका नाही.

ही ऊर्जा विजेच्या रूपाने घालायची, ही या तंत्राची कल्पना. शाळेच्या प्रयोगशाळेत पाण्यात दोन तारा सोडून, बॅटरी जोडून, एका परीक्षानळीत हायड्रोजन आणि दुसरीत प्राणवायू जमा करण्याचा प्रयोग अनेकांनी पाहिला असेल. यंत्र तेच. फरक इतकाच, की ज्या बाजूला हायड्रोजन निघतो तिथे कार्बन डायऑक्साइड पुरवायचा. दुसऱ्या बाजूला पाण्यातून प्राणवायू सुटतो आणि तिथून निघालेले इलेक्ट्रॉन तारेतून या बाजूला येतात. ते कार्बन डायऑक्साइडने स्वीकारले, की त्याचे दुसऱ्या पदार्थात रूपांतर होते. न स्वीकारल्यास शेजारचे पाणी ते घेते आणि नुसता हायड्रोजन मिळतो. पाणी आणि कार्बन डायऑक्साइड यांच्यातली ही चढाओढ या विषयात शेवटपर्यंत पाठ सोडत नाही.

कल्पना नवी नाही. जस्ताच्या इलेक्ट्रोडवर कार्बन डायऑक्साइडपासून फॉर्मिक आम्ल तयार झाल्याची नोंद १८७० मधली आहे. पुढची शंभर वर्षे मात्र त्याकडे कुणी फारसे गांभीर्याने पाहिले नाही, कारण तेल स्वस्त होते.

कोणत्या धातूवर काय तयार होते?

या विषयातले सर्वात रंजक कोडे इथे आहे. जपानमधील चिबा विद्यापीठातील योशिओ होरी यांनी १९८० च्या दशकात एक वरकरणी कंटाळवाणे काम केले. एकामागून एक धातू घ्यायचा, त्याचा इलेक्ट्रोड करायचा आणि काय बाहेर पडते ते नीट मोजायचे. त्यातून धातूंचे चक्क गट पडले. सोने, चांदी आणि जस्त यांच्यावर मुख्यतः कार्बन मोनॉक्साइड मिळतो. कथील, शिसे, इंडियम यांच्यावर फॉर्मिक आम्ल, म्हणजे मुंगी चावल्यावर जे चुरचुरते त्यातले आम्ल. लोखंड, निकेल, प्लॅटिनम यांच्यावर जवळपास सगळा हायड्रोजनच.

आणि तांबे? तांब्यावर मिथेन मिळाला, इथिलीन मिळाले, अल्कोहोल मिळाले. म्हणजे कार्बनला कार्बन जोडला गेला. ही किमया लक्षणीय प्रमाणात करणारा शुद्ध धातू आजही एकच, तो म्हणजे तांबे.

असे का व्हावे? कार्बन डायऑक्साइडमधला एक प्राणवायू अणू गळाला की धातूच्या पृष्ठभागावर कार्बन मोनॉक्साइड उरतो. त्याला धातू किती घट्ट धरून ठेवतो, यावर पुढचे सारे ठरते. चांदी या पाहुण्याला उंबऱ्यावरूनच निरोप देते, त्यामुळे तो तसाच बाहेर पडतो. प्लॅटिनम त्याला बसवून घेते ते उठूच देत नाही. मग सारा पृष्ठभाग अडून बसतो आणि मधल्या वेळात पाण्यातून हायड्रोजन निघत राहतो. तांबे मात्र त्याला जेवणापुरते थांबवते. तेवढ्यात त्याला आणखी इलेक्ट्रॉन आणि हायड्रोजन मिळतात, शेजारी बसलेल्या दुसऱ्या कार्बन मोनॉक्साइडशी त्याची गाठ पडते आणि दोन कार्बनांचा पदार्थ तयार होतो.

तांब्याची हीच उदारता त्याची खोडही आहे. २०१२ मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठातील केंड्रा कुल आणि सहकाऱ्यांनी तांब्यावर तयार होणारे पदार्थ मोजले, तेव्हा ते १६ निघाले. कारखानदाराला एक पदार्थ शुद्ध हवा असतो. सोळांची मिसळ वेगळी करण्यात पुन्हा ऊर्जा आणि पैसा जातो. त्यात तांब्याचा पृष्ठभाग काम करता करता स्वतःच बदलतो, अणू जागा सोडून सरकतात आणि आठवड्याभरापूर्वी मिळणारे उत्पादन आज मिळेनासे होते. गेल्या दहा-बारा वर्षांतले या क्षेत्रातले बरेचसे संशोधन म्हणजे तांब्याला शिस्त लावण्याची खटपट आहे. कुल यांनी पुढे दोन सहकाऱ्यांसोबत कॅलिफोर्नियात ‘ओपस १२’ ही कंपनी काढली. तीच आज ‘ट्वेल्व्ह’ या नावाने ओळखली जाते.

प्रयोगशाळेत जमते, मग कारखान्यात अडचण कोणती?

पहिली अडचण, कार्बन डायऑक्साइड पाण्यात फार विरघळत नाही. नेहमीच्या तापमानाला आणि दाबाला लिटरभर पाण्यात जेमतेम दीड ग्रॅम. सोड्याच्या बाटलीत तो दाबून भरावा लागतो तो त्यामुळेच. पाण्यात बुडवलेल्या धातूच्या पट्टीला वायू पुरतच नाही आणि यंत्र रखडत चालते. यावर तोडगा निघाला आहे. सच्छिद्र कार्बनचा पातळ कागद घ्यायचा, त्याला पाणी न शोषणारा लेप द्यायचा आणि एका अंगाला वायू, दुसऱ्या अंगाला द्रव ठेवायचा. चांगल्या रेनकोटच्या कापडासारखे हे काम करते. वाफ जाते, पाणी जात नाही. दोन्हींच्या सीमेवर उत्प्रेरकाचा थर बसवला, की वायू थेट त्याच्यापर्यंत पोहोचतो. यामुळे एका चौरस सेंटिमीटरमागे वाहणारा विद्युतप्रवाह काही दशक मिलिअँपियरवरून काही शे मिलिअँपियरवर गेला आणि हा विषय कारखान्याच्या भाषेत बोलण्याजोगा झाला.

दुसरी अडचण जास्त चिवट आहे. चुन्याच्या निवळीत नळीने फुंकर मारली की ती पांढरी होते, हा प्रयोग आठवा. उच्छ्वासातला कार्बन डायऑक्साइड अल्कलीशी संयोग पावून कार्बोनेट बनवतो. या यंत्रात क्रिया सुरू झाली, की इलेक्ट्रोडपाशी अल्कली आपोआप तयार होते आणि आत सोडलेला कार्बन डायऑक्साइड इंधन होण्याऐवजी कार्बोनेट होऊन बसतो. हे नुकसान थोडेथोडके नाही. नेहमीच्या रचनेत कार्बन मोनॉक्साइड बनवताना फार तर निम्मा वायू कामी येतो आणि इथिलीन बनवताना फार तर एकचतुर्थांश. उरलेला कार्बोनेटच्या रूपाने मधले पटल ओलांडतो आणि पलीकडे प्राणवायूत मिसळून बाहेर पडतो. तो परत वेगळा करण्याचा खर्च निराळा. आम्लधर्मी द्रव वापरून हे टाळण्याचे प्रयोग टोरंटो विद्यापीठातल्या गटाने २०२१ मध्ये यशस्वी करून दाखवले. पण आम्लात हायड्रोजन निघण्याचे प्रमाण आवरावे लागते, म्हणजे जुनी चढाओढ पुन्हा उभी राहते.

तिसरी अडचण याच क्षारांची. पोटॅशियमचे क्षार त्या सच्छिद्र कागदात स्फटिक होऊन साचतात, छिद्रे बुजतात आणि पाणी आत शिरते. यंत्र शेकडो तासांतच मान टाकते. २०१८ मध्ये टोरंटोच्याच गटाने तांब्यावर सुमारे ७० टक्के इलेक्ट्रॉन इथिलीनमध्ये वळवून दाखवले, तेव्हा यंत्र १५० तास चालले ही मोठी बातमी होती. वर्षाला ८,७६० तास असतात. पाण्यापासून हायड्रोजन काढणारी व्यापारी यंत्रे ६० हजार तासांच्या पुढची मजल मारतात. कारखानदार यंत्राची तुलना त्यांच्याशी करतो, प्रयोगशाळेतल्या कालच्या विक्रमाशी नव्हे.

या बाबतीत अलीकडे एक सुखद धक्का बसला, तोही अगदी घरगुती वाटावा अशा उपायाने. अमेरिकेतील राइस विद्यापीठाच्या संशोधकांनी २०२५ मध्ये दाखवले, की यंत्रात सोडायचा कार्बन डायऑक्साइड साध्या पाण्याऐवजी आम्लातून बुडबुडे काढत नेला, तर सोबत जाणारी आम्लाची किंचित वाफ क्षार साचू देत नाही. पाण्यातून नेलेल्या वायूवर चांदीच्या उत्प्रेरकाचे जे यंत्र सुमारे ८० तासांत ढेपाळत होते, त्याच पद्धतीचे यंत्र आम्लाच्या वाफेने साडेचार हजार तासांहून अधिक चालले. नळाच्या तोटीवर बसलेली क्षारांची पुटे काढायला आपण आम्ल वापरतो, तोच न्याय. या वर्षा-दोन वर्षांतली या क्षेत्रातली सर्वात उपयोगी प्रगती मला ही वाटते. नव्या चकचकीत उत्प्रेरकापेक्षा न तुंबणारे यंत्र केव्हाही बरे.

एक किलो उत्पादनामागे वीज किती लागते?

इथे आकडेमोड करावीच लागेल, पण ती अवघड नाही. एक किलो कार्बन मोनॉक्साइड तयार करायला सुमारे १.५७ किलो कार्बन डायऑक्साइड लागतो आणि निसर्गनियमानुसार किमान अडीच युनिट वीज. प्रत्यक्षातल्या यंत्रात साधारण सहा युनिट धरा. सौर वीज अडीच रुपये युनिट मिळाली, तर विजेचा खर्च १५ रुपये. हे बाजारात टिकू शकते, विशेषतः जिथे थोडा पण शुद्ध कार्बन मोनॉक्साइड लागतो आणि तो सिलिंडरने आणावा लागतो अशा ठिकाणी. बंद खोलीत शेगडी पेटवून झोपलेल्यांचा जीव घेणारा हा वायू ट्रकमधून नेणे धोक्याचे असते. त्यामुळे जिथे हवा तिथेच बनवण्याला किंमत मिळते.

आता इथिलीनकडे या. प्लास्टिकच्या पिशवीपासून पाण्याच्या पाइपापर्यंत अनेक गोष्टींचे हे मूळ. आंबा पिकवण्याच्या चेंबरमध्ये सोडतात तेही इथिलीनच. जगात ते वर्षाला १५ कोटी टनांहून अधिक बनते. आपल्याकडे रायगड जिल्ह्यात नागोठण्याला ते नैसर्गिक वायूतल्या इथेनसारख्या घटकांपासून, ८०० अंशांच्या वर तापवून बनवले जाते. हेच विजेवर करायचे, तर एका रेणूमागे १२ इलेक्ट्रॉन लागतात. कार्बन मोनॉक्साइडला दोनच. किलोमागे किमान वीज १३ युनिट. पण यंत्राला साडेतीन व्होल्ट लागतात आणि १०० पैकी ६० इलेक्ट्रॉनच इथिलीनच्या वाट्याला येतात, असे धरले तर आकडा जातो ६७ युनिटांवर. अडीच रुपयांच्या विजेनेही किलोमागे १६७ रुपये फक्त विजेचे. बाजारात इथिलीन किलोला शंभर रुपयांच्या आत मिळते. त्यात यंत्राची किंमत, कार्बन डायऑक्साइड पकडण्याचा खर्च, उत्पादन शुद्ध करण्याचा खर्च अजून धरलेलाच नाही.

१३ आणि ६७ यांच्यामधली दरी ही संशोधनाची जागा आहे आणि ती बरीच मोठी आहे, हे मान्य. पण अडीच रुपयांची वीज हीसुद्धा अर्धवट गोष्ट आहे. तो दर मोठ्या सौर प्रकल्पांच्या लिलावातला, दिवसा मिळणाऱ्या विजेचा. ग्रिडवरून उद्योगाला येणारी वीज महाराष्ट्रात त्याच्या कितीतरी पट महाग पडते. फक्त उन्हात यंत्र चालवावे, तर कोट्यवधींचा कारखाना दिवसाचे १६-१७ तास बंद ठेवावा लागतो. वरून रोज चालू-बंद केल्याने उत्प्रेरकाचे आयुष्य घटते ते वेगळेच.

मग प्रदूषण कमी होते की वाढते?

हा प्रश्न कंपन्यांच्या सादरीकरणात सहसा शेवटच्या पानावर असतो. तो पहिल्या पानावर हवा.

भारतातल्या ग्रिडवरच्या एका युनिटमागे आजही सरासरी ०.७ किलोच्या आसपास कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. म्हणजे सहा युनिट वापरून १.५७ किलो कार्बन डायऑक्साइडचे रूपांतर केले, तर वीज बनवतानाच चार किलोहून अधिक बाहेर पडला. इथिलीनच्या ६७ युनिटांना ४७ किलो, आणि त्यातून वापरला गेला अवघा सव्वातीन किलो. नेहमीच्या पद्धतीने बनवलेल्या मालाचे प्रदूषण टळते, ते वजा केले तरी हिशेब तोट्याचाच राहतो. ग्रिडच्या विजेवर हे यंत्र चालवणे म्हणजे पाण्याची टाकी भरण्यासाठी टँकर मागवायचा आणि टँकर त्याच टाकीतून भरायचा.

सौर किंवा पवन वीज वापरली तर उत्तर बदलते. एका सौर युनिटमागे, पॅनेल बनवण्यासकट, कार्बन डायऑक्साइड काही दहा ग्रॅमच पडतो. पण इथे आणखी एक पेच आहे. तेच सहा सौर युनिट ग्रिडला देऊन कोळशाची तितकी वीज कमी केली, तर जवळपास सहा किलो कार्बन डायऑक्साइड वाचतो, कारण कोळशाच्या एका युनिटमागे साधारण एक किलो पडतो. यंत्रात घातले तर वापरला जातो दीड किलो. म्हणून जोवर शेजारी कोळशाचे संच धडधडत आहेत, तोवर स्वच्छ विजेचा पहिला मान ग्रिडचाच. अपवाद त्या विजेचा, जी ग्रिडला घेता येत नाही. राजस्थानात पारेषण वाहिन्या अपुऱ्या पडल्याने भर दुपारी सौर प्रकल्पांचे उत्पादन कमी करावे लागण्याचे प्रसंग आले आहेत. अशा वाया जाणाऱ्या विजेवर यंत्र चालले, तर कोणाची तक्रार नसावी. मात्र ती वीज मिळते दिवसातले मोजके तास, हे मागे आलेच.

आणखी एक. बनवलेले इंधन जाळले, की कार्बन डायऑक्साइड पुन्हा हवेतच जातो. कोळशाच्या चिमणीतून पकडलेल्या वायूचे इंधन केले तर कार्बन एकदाऐवजी दोनदा वापरला गेला, नाहीसा झाला नाही. कार्बन जमिनीत गाडणे आणि त्याचे इंधन करणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. सरकारी कागदपत्रांत त्या ‘कार्बन कॅप्चर, युटिलायझेशन अँड स्टोरेज’ अशा एकाच दमात येतात, त्याने गोंधळ वाढतो.

व्याप्तीचीही कल्पना असावी. जगातले सगळे इथिलीन, झाडून सगळे, या पद्धतीने बनवले तरी वर्षाला लागेल ४७ कोटी टन कार्बन डायऑक्साइड. खनिज इंधने आणि उद्योगांतून बाहेर पडतो सुमारे ३,७०० कोटी टन. म्हणजे जेमतेम सव्वा टक्का. त्यासाठी किलोमागे ५० युनिट धरले, तरी साडेसात लाख कोटी युनिट वीज लागेल, म्हणजे आज साऱ्या जगात तयार होणाऱ्या विजेच्या सुमारे एकचतुर्थांश!

आधी हायड्रोजन, मग इंधन, हा मार्ग सोपा नाही का?

आज तरी आहे. पाण्यापासून हायड्रोजन काढायचा आणि तो कार्बन डायऑक्साइडबरोबर उत्प्रेरकावर तापवून मिथेनॉल करायचे, हे दोन टप्प्यांचे काम असले तरी दोन्ही टप्प्यांची यंत्रे तयार मिळतात. आइसलँडमध्ये स्वार्टसेंगी येथे भूऔष्णिक विजेवर असा प्रकल्प २०१२ मध्ये उभा राहिला. नोबेल विजेते रसायनशास्त्रज्ञ जॉर्ज ओला यांचे नाव त्याला दिले गेले. क्षमता वर्षाला चार हजार टन मिथेनॉल. याच तंत्राचा चीनमधील आन्यांग येथील प्रकल्प एक लाख टनांच्या वरचा आहे. पण तिथला हायड्रोजन विजेपासून येत नाही, कोक भट्टीच्या वायूतून येतो. मोठ्या आकड्यामागे असा तपशील दडलेला असतो.

एका टप्प्यात थेट विजेवर रूपांतर करणाऱ्या यंत्राला या मार्गापेक्षा सरस ठरावे लागेल. कार्बन मोनॉक्साइड आणि फॉर्मिक आम्ल, म्हणजे दोन इलेक्ट्रॉनांत होणारी कामे, इथे ते शक्य दिसते. मिथेनॉल आणि डिझेलसाठी थेट मार्गाचा आग्रह धरण्यात मला आज तरी फारसे तथ्य दिसत नाही.

आज प्रत्यक्षात कुठे वापर होतो?

‘मॉक्सी’चे तंत्र डेन्मार्कच्या टॉप्सो कंपनीने पृथ्वीवर आधीच बाजारात आणले होते. जागेवर कार्बन मोनॉक्साइड बनवणारी त्यांची यंत्रे त्याच उच्च तापमानाच्या पद्धतीची आहेत. जर्मनीत मार्ल येथे सीमेन्स आणि इव्होनिक या कंपन्यांनी एक वेगळी जोडी जमवली. विजेने कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोजन बनवायचा आणि तो जिवाणूंना खाऊ घालून ब्यूटेनॉल, हेक्सेनॉल अशी अल्कोहोले काढून घ्यायची. कार्बनला कार्बन जोडण्याचे जे काम तांबे अर्धवट करते, ते जिवाणू बिनबोभाट करतात! ‘ट्वेल्व्ह’ने अमेरिकेत वॉशिंग्टन राज्यातील मोझेस लेक येथे विमानाच्या इंधनाचा प्रकल्प हाती घेतला.

विमानाचेच इंधन का? मोटार बॅटरीवर चालते, मुंबई-लंडन विमान चालत नाही. युरोपीय संघाने २०३० पासून विमान इंधनात विजेपासून बनवलेल्या कृत्रिम इंधनाचा थोडा वाटा बंधनकारक केला आहे. २०३०-३१ मध्ये तो सरासरी १.२ टक्के आणि २०५० मध्ये ३५ टक्के असेल. कायद्याने गिऱ्हाईक बांधून दिले, की महाग मालही खपतो. या क्षेत्रात पैसा येतो आहे तो मुख्यतः या नियमामुळे.

भारतात आणि महाराष्ट्रात काय स्थिती आहे?

केंद्राच्या विज्ञान व तंत्रज्ञान विभागाने कार्बन पकडणे व वापरणे यासाठी २०२२ मध्ये दोन राष्ट्रीय केंद्रे दिली. एक आयआयटी मुंबईत, दुसरे बंगळूरुच्या जवाहरलाल नेहरू प्रगत वैज्ञानिक संशोधन केंद्रात. बंगळूरुच्या या केंद्रातून निघालेली ‘ब्रीद’ ही नवउद्यमी कंपनी कार्बन डायऑक्साइडपासून मिथेनॉल बनवण्याच्या तंत्रावर ‘कार्बन एक्स प्राइझ’ स्पर्धेच्या अंतिम फेरीत पोहोचली होती. मध्य प्रदेशात विंध्याचल येथे एनटीपीसीने औष्णिक केंद्राच्या धुरातला कार्बन डायऑक्साइड आणि पाण्यापासून काढलेला हायड्रोजन यांपासून २०२४ मध्ये मिथेनॉल तयार करून दाखवले. नियोजित क्षमता रोज दहा टन. हाही दोन टप्प्यांचाच मार्ग.

धुराचा मात्र एक तोटा आहे. कोळशाच्या धुरात कार्बन डायऑक्साइड १२ ते १४ टक्केच असतो आणि सोबतची गंधकाची ऑक्साइडे उत्प्रेरक नासवतात. तो आधी वेगळा करा, धुवा, मग वापरा. महाराष्ट्रात याहून चांगला स्रोत डोळ्यांसमोर आहे, साखर कारखान्यांच्या आसवनी. मळी किंवा उसाचा रस आंबवून एक लिटर इथेनॉल केले, की सोबत पाऊण किलो जवळपास शुद्ध कार्बन डायऑक्साइड निघतो. शिवाय हा कार्बन गेल्याच हंगामात उसाने हवेतून घेतलेला असतो, जमिनीखालच्या कोळशातला नव्हे. त्याचे इंधन करून जाळले तरी हवेत नवी भर पडत नाही. कारखान्यात बगॅसवरची सहवीजही असते.

रोज एक लाख लिटरची आसवनी घ्या. तिच्यातून ७५ टन कार्बन डायऑक्साइड निघेल. तो सगळा कार्बन मोनॉक्साइडमध्ये बदलायला चोवीस तास १२ मेगावॉट वीज लागेल. अनेक कारखान्यांचे सहवीज प्रकल्प त्याहून मोठे आहेत, पण ती वीज आज महावितरणला विकून पैसे मिळतात आणि गळीत हंगाम संपला की बगॅसही संपते. विषारी वायू सांगलीहून कुठे न्यायचा, हाही प्रश्न आहे. त्यापेक्षा फॉर्मिक आम्ल सोयीचे. ते द्रव आहे, टँकरने जाते, आणि कातडी कमावणे, कापड रंगवणे, रबराचा चीक साकळवणे यांसाठी लागते. किलोमागे वीजही चार युनिटांच्या आसपास पुरते. ७५ टन वायूपासून रोज ७८ टन आम्ल होईल.

फक्त जगभरची फॉर्मिक आम्लाची वार्षिक मागणी दहा लाख टनांच्या घरात आहे. वर्षातले ३०० दिवस चालणाऱ्या अशा ४०-४५ आसवनींनी ती सगळी भागेल. त्यानंतर भाव कोसळेल. तूर्त आसवनींतल्या या वायूचा काही भाग शुद्ध करून शीतपेयांसाठी आणि कोरड्या बर्फासाठी विकला जातो, उरलेला हवेत सोडला जातो.